चौदा नंबरच्या बादल्या

५ जानेवारी २००७, शुक्रवार. जिझान, सौदी अरेबिया
यंदा शिमग्याला घरी. ठरलं म्हणजे ठरलं. दोन शिमगे हुकले. पालखी नाचताना दिसावी म्हणून माझ्या लेकीला, अमिताला, दोन्ही वेळा तिच्या काकाने खांद्यावर घेतलं. माझा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे इथल्या मालकाच्या, कपाटात. कॅम्प-बॉस मोहियुद्दीनभाई दापोलीचे, म्हणजे आपलेच. म्हणाले, इथल्या इंडियन शाळेत डास आणि डेंग्यूवर बोलायला माणूस हवाय. लेक्चर दे, शाळेचं पत्र आण, रजेच्या अर्जाला जोडतो. कफील सही करेल. मी प्लंबर असलो तरी बोलण्यात कुणाला हार जाणार नाही.

८ जानेवारी
पोरांना जिवंत अळ्या दाखवायच्या. सगळा कॅम्प पालथा घातला, एक अळी नाही. टाक्यांची झाकणं मीच घट्ट बसवलेली. अभिमान वाटला, रागही आला. बाथरूममध्ये बादली उघडी ठेवली. एकच.

१६ जानेवारी
अळ्या! चाळीसपर्यंत मोजल्या. रूममेट दौलत म्हणतो, ओतून टाक. त्याला सायन्स कळत नाही.

१७ जानेवारी
लेक्चर पुढे ढकललं. शाळेत परीक्षा. आता एकतीसला. हरकत नाही, अळ्या थांबतील.

२० जानेवारी
थांबल्या नाहीत. दौलत रात्रभर स्वतःच्या गालावर चापट्या मारत होता. सगळं कंट्रोलमध्ये आहे. सेफ्टी म्हणून आणखी दोन बादल्या ठेवल्या.

२६ जानेवारी
दौलत खाट घेऊन मेसमध्ये राहायला गेला. जाताना जे बोलला ते लिहीत नाही. अमितासाठी फ्रॉक घेतला. मापाचा अंदाज घ्यावा लागला.

३१ जानेवारी
फत्ते! पोरं बरणीवर तुटून पडली. फळ्यावर बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा नंबर लिहिला. सांगितलं, अळी दिसली की लगेच फोन. घर बापाचं असो की काकाचं, भीड धरायची नाही. तीनदा म्हणून घेतलं. मोहियुद्दीनभाईंची अफनान तिसरीत, अमिताच्याच वयाची. तिने इंग्लिशमधून विचारलं, अंकल, या कुठे मिळाल्या? छाती फुगवून सांगितलं, कॅम्पमध्ये, खोली नंबर चौदा, मी स्वतः वाढवल्यात. तिने वहीत लिहून घेतलं. मुलं अशी चौकस हवीत.

३ फेब्रुवारी
बलदियाची गाडी आली. सरळ चौदा नंबरला. तिन्ही बादल्या सापडल्या. फोन अफनानने केला होता, तोही बापाच्या मोबाइलवरून. मार्चअखेरपर्यंत कॅम्पवर देखरेख, तोवर सगळ्यांच्या रजा बंद. शिमगा तीन मार्चला. मोहियुद्दीनभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, विश्वनाथ, खलास. मेसमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही.

७ फेब्रुवारी
शाळेचं पत्र आलं. शिक्क्यासकट. माझ्या शिकवण्याचा मुलांवर तात्काळ परिणाम झाला म्हणे. जोडायला गेलो तर अर्जच परत आलेला.

घरी फोन केला. म्हटलं, इथे शाळेत शिकवतोय, मला सोडत नाहीत. अमिताने विचारलं, बाबा, पालखी आली की काकाच्याच खांद्यावर बसू ना?
म्हटलं, बस. यंदापुरतं.