अप्पा, दस्ता मी बसवला

प्रिय अप्पा,

आज सकाळी रायफलीला नवा दस्ता लावून पहिले दहा छरे मारले आणि घरी येऊन थेट लिहायला बसले. तुम्ही जाऊन अकरा महिने झाले. इतके दिवस तुम्हाला सांगावं असं काही हातून झालंच नव्हतं. आज झालंय.

सोलापुरात तुम्ही जन्मभर दारं-खिडक्या केल्यात. बंदूक कधी हातात धरली नव्हतीत. तरी माझ्या छऱ्याच्या रायफलीचा लाकडी दस्ता मुठीपाशी चिरला, तेव्हा म्हणालात, "लाकूडच हाय की. आण हिकडं."

वखारीत तुम्ही तासभर फळ्या उलट्यापालट्या करत होतात. मला भोवऱ्याभोवऱ्यांची एक शिसवी फळी फार आवडली होती. तुम्ही ती बाजूला सारलीत. "नक्षी बघू नगं. मुठीत लाकूड बारीक व्हतंय, तितं रेषा सरळ जायला पायजे. न्हायतर परत चिरंल." आणि एक साधी, चांगली वाळलेली फळी उचललीत. मी केवढी हिरमुसले होते, आठवतं?

मग आठवडाभर तुमचं एकच काम. लोखंडी भागाला काजळ फासायचं, तो लाकडात बसवायचा, काढायचा, जिथं काळा डाग उठेल तेवढंच पटाशीनं तासायचं. पुन्हा काजळ. मी कंटाळून म्हटलं, "बसलंय की आता!"

तुम्ही वरही न बघता म्हणालात, "बसलं न्हाय, अडकलंय."

शेवटी मला उभं केलंत. "डोळं मीट. बंदूक खांद्याला लाव. गाल टेकव. आता उघड. काय दिसतंय?"

"दुर्बिणीत अर्धं काळंच दिसतंय, अप्पा. मान चुकली माझी."

"मान कशाला चुकंल? लाकूड चुकलंय, तू न्हाय."

अप्पा, हे वाक्य मला कुठल्या प्रशिक्षकानं कधी ऐकवलं नाही. गालाखालचं लाकूड तुम्ही दोनदा बदललंत. तिसऱ्यांदा डोळे उघडले तर समोर अख्खं, स्वच्छ वर्तुळ!

आणि मी काय केलं? नेमबाजीच्या एका स्पर्धेत एका मुलीनं विचारलं, "हा घरी केलाय का?" तिनं सहजच विचारलं असेल. मला लाज वाटली. तुमच्या हातच्या कामाची लाज! मी गुपचूप एक चकचकीत तयार दस्ता मागवला आणि खोकं कॉटखाली सरकवून ठेवलं.

ते तुम्हाला सापडलं. तुम्ही रागवाल म्हणून मी दारातच थांबले होते. तुम्ही तो दस्ता हातात घेऊन फिरवून पाहिलात. म्हणालात, "मशीननं बरं केलंय." दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःचं काम स्वतःच्या हातानं उतरवलंत आणि त्या जागी तो बसवून दिलात. तितक्याच मन लावून, काजळ फासून! "बंदूक तुजी, गाल तुजा," एवढंच बोललात. का नाही रागावलात? एकदा ओरडला असतात, तर मी माफी तरी मागितली असती.

तुमचा दस्ता तुम्ही मोडनिंबच्या ज्योतीताईंना दिलात. शाळेत शिकवतात त्या, आणि रायफल माझ्यासारखीच. दोनच महिन्यांनी तुमच्या छातीत कळ आली. माफी राहूनच गेली.

या उन्हाळ्यात माझे छरे भरकटायला लागले. आधी मी डोळ्यांना दोष दिला, मग दुर्बिणीला. शेवटी सगळं उघडलं. तयार दस्त्याचं लाकूड पिळलं होतं. स्क्रू कितीही आवळले तरी रायफल आत हलत होती.

ज्योतीताईंना कळलं तशा म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचा दस्ता हाय, घिऊन जावा की." मन फार ओढलं हो! पण त्यांच्या खांद्याला तो आता छान बसलाय. मी नको म्हटलं.

मग एकटीच वखारीत गेले. मला सरळ रेषांची फळी शोधताना बघून वखारवाला हसला, "अप्पांची पोरगी दिसताव!" तुम्हाला आठवडा लागला होता, मला पाच लागले. दोनदा पटाशी खोल गेली. गालाची बाजू खाली उतरली, तिथं लाकडाची पट्टी चिकटवावी लागली. तुम्ही ती बघून नाक मुरडलं असतंत, हे नक्की!

पण आज नऊ छरे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जागेत पडले, अप्पा. दहावा बाहेर गेला. तेव्हा मात्र चूक लाकडाची नव्हती. माझे डोळे भरून आले होते.

काल ज्योतीताईंचा फोन आला होता. त्यांच्या दस्त्याचा पुढचा स्क्रू सैल झालाय, बघाल का म्हणून विचारत होत्या. रविवारी मोडनिंबला जातेय. तुम्हाला शब्द देते, स्क्रू तेवढा आवळीन. तुमच्या लाकडाला माझी पटाशी लागू देणार नाही.

तुमच्या माफीची अजून वाट पाहणारी,
शैला