गाठीला बसलेला हिसका

मिठबाव, एप्रिल २००४

प्रिय उर्वशी,

लिहू की नको करत शेवटी बसलेच. फोंडाघाटच्या त्या दुकानदाराच्या मुलाशी लग्न करून तू गेलीस, तेव्हापासून या घरात तुझं नाव काढायची सोय नाही. तुझ्या बाबांचं डोकं तुला ठाऊक आहे. पण आज माझंच डोकं ठिकाणावर नाही गो.

देवळात यज्ञ झाला, यंदा यजमानपण आमच्याकडे. होड्या किनाऱ्याला, घरात मासा बंद. मांजर रुसून शेजारी गेलं. यज्ञ संपला की अवभृथ स्नान, म्हणजे यजमान जोडप्याने समुद्रात बुडी मारायची. माझ्या पदराला यांच्या उपरण्याची गाठ. भटजींनी दहादा बजावलं, पाण्यातून निघालात की सरळ देवळाकडे चालायचं, मागे वळून बघायचं नाही, नाहीतर केलंसवरलं सगळं पाण्यात. त्यावर हे मलाच दटावतात, तुका सारख्या मागे बघूची सवय आसा!

निघालो, आणि मागून हाक आली, आये! मान आपसूक वळली. गर्दीच्या मागे, खडकापाशी तू. कडेवर बाळ! मला कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. पटकन तोंड पुढे केलं, तोच गाठीला हिसका बसला. वाटलं, यांना कळलं, रागाने ओढतायत. देवळापर्यंत मान वर केली नाही. परत येऊन बघते तर तू नाहीस.

तेव्हापासून काही उमजत नाही. यज्ञ बाटला का? उद्या कोणाची होडी उलटली तर माझ्यामुळे? भटजींना विचारायचं धाडस नाही. हाक मारायचीच होती तर थांबली का नाहीस? की ती तू नव्हतीसच? मेली मी रडतेय आणि आतून आनंदही होतोय, त्याची लाज वाटते.

आज दुपारी हे जेवले. हात धुताना भिंतीकडे बघत म्हणाले, "तिच्या कडेर होता ता झील की चेडू?" म्हणजे तो हिसका... हेच मागे वळले होते! मी तर तेव्हा पुढेच बघत होते गो! आता त्यांना काय सांगू? मुलगा की मुलगी, तेवढं कळव. नाहीतर कळवू नकोस, घेऊनच ये. मला काही सुचत नाही.

तुझीच,
आये