आबांचं उत्तरायण

लेह, लडाख
२४ डिसेंबर १९६७

ती. सौ. वहिनी,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून सोपान लिहितो. मी खुशाल आहे. इथं बर्फ असला तरी गरम कपडे आणि खाणं भरपूर मिळतं. बोटं जरा बधिरली आहेत, म्हणून अक्षराला हसू नका. म्हैस व्याली का?

विसापूर किल्ल्याच्या आडून ऊन हल्ली उशिरा येतं, तरी आबांची बाज तुम्ही रोज उन्हामागं सरकवत नेता, पेज भरवता. सासऱ्यांचं पोटची लेक करणार नाही एवढं तुम्ही केलंत. हे कुठं फेडू?

"संक्रांतीला उत्तरायण लागल्याबिगर म्या न्हाई जायचा, तवा देवाचं दार उघडं असतंय," असं आबा सगळ्यांना बजावतात, हे तुमच्या पत्रात वाचून आधी हसलो. मग लगेच अर्ज लिहिला. मला सुट्टी मिळाली आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मळवली स्टेशनात उतरेन.

इथून पुढचं मनातच वाचा. परवा दुपारी आमच्या सुभेदारांनी तंबूच्या खांबाची सावली दाखवली, वर्षातली सगळ्यात लांब. म्हणाले, सूर्य आज दक्षिणेच्या टोकाला पोचला, आता माघारी वळेल. खरं उत्तरायण हेच, संक्रांत पुष्कळ मागाहून येते. बाकीचे जवान खूश झाले. मी मात्र बोटांवर संक्रांतीपर्यंतचे दिवस मोजले.

वहिनी, आबांना हे कळू देऊ नका. सावली आखडली म्हणाले, तर भास झाला म्हणा. त्यांचं उत्तरायण मी उंबऱ्यात पाऊल टाकल्यावरच लागू दे.

तुमचा धाकटा दीर,
सोपान