दिवे लावून थांबलेली गाडी

प्रिय टेरेल,

तुरुंगातल्या पाद्रीबाबांनी तुझा निरोप पोचवला. मम्मी गेल्यावर तुझ्याकडून आलेला पहिला निरोप, आणि तोही असा: "डॅडींनी हॉर्न का वाजवला नाही ते विचार. आणि त्यांना इथे आणू नकोस, मी भेटायला बाहेर येणार नाही." बिचारे पाद्रीबाबा फोनवर हे सांगताना सारखे खाकरत होते. मला तुझा राग आला, खोटं कशाला सांगू? तुला दफनालाही सोडलं नाही, चार भिंतींत एकट्याने रडायची वेळ आली, हे कळतं मला. पण डॅडी तेव्हा माझ्यासमोरच बसले होते. निरोप काय आहे ते त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं. अर्धवट ऐकून तू त्यांना दोषी ठरवलंस, म्हणून आता सगळं सांगते.

त्या रविवारी नेहमीसारखेच तुला भेटायला निघालो होतो. मम्मीने चर्चची जांभळी टोपी घातली होती. "लेक तुरुंगात आहे म्हणून मी काय भिकारणीसारखी जाऊ?" हे तिचं ठरलेलं वाक्य. दुपारी जेवायला लॅम्कीजला थांबलो, नेहमीसारखं गाडीतच बसून खायला. तिथली रविवारची गर्दी तुला काय सांगायची! अर्धा जिल्हा चर्चमधून उठून थेट तिथेच जेवायला येतो. पत्र्याच्या छताखाली गाडीला गाडी चिकटलेली, आणि त्यांच्यामधून ट्रे घेऊन पळणाऱ्या मुली. मागे जागा रिकाम्या होत्या, पण डॅडी पुढची जागा मिळेपर्यंत फेऱ्या मारत राहिले. मागे गाडी लावायची नाही, हा त्यांचा जन्माचा हट्ट. मम्मी म्हणाली, "हा माणूस स्वर्गातसुद्धा पुढची जागा मिळेपर्यंत घिरट्या घालेल." ट्रे आला, डॅडींच्या बाजूच्या काचेवर अडकवून मुलगी गेली. मम्मीने आपला सॉसेज-पाव बाजूला ठेवून आधी माझ्या कांद्याच्या रिंगा फस्त केल्या. तुझ्यासाठी पीच भरलेली ती तळलेली करंजी बांधून घ्यायची म्हणत होती. मी म्हटलं, "अगं, आत नेऊ देत नाहीत." तर म्हणाली, "ठाऊक आहे. पण फाटकापर्यंत तरी ती त्याची असते." मग मी मागच्या बाजूला बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

परत आले तर आपल्या गाडीचे दिवे लागलेले. लॅम्कीजला दिवे लावले म्हणजे जेवण झालं, ट्रे न्या. मला वाटलं, इतक्यात आटोपलं यांचं? जवळ गेले. डॅडी ताठ बसले होते, एक हात मम्मीच्या हातावर. तिची मान काचेवर कलंडली होती आणि टोपी पायाशी पडली होती. "तिला बरं नाहीये," ते हळूच म्हणाले, "मी दिवे लावलेत. गर्दी आहे ना, येतीलच." ट्रे आणणारी ती कायला नावाची मुलगी त्याआधी दोनदा गाडीसमोरून गेली होती. "आले हं काका, आधी ज्यांना वाढायचंय त्यांचं बघते!" असं ओरडून. तिला काय माहीत? भरलेला ट्रे अडकवला की त्या बाजूचं दार उघडत नाही, आणि दुसऱ्या दाराशी मम्मी. हॉर्न मात्र त्यांच्या हाताशी होता. मी मागच्या दाराने आत घुसले, त्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि तो दाबून धरला. तेव्हा कुठे माणसं धावली. लवकर धावली असती तर मम्मी वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारणारही नाही.

आता तुझा प्रश्न. तू चौदा वर्षांचा असताना तिथेच, ट्रे यायला उशीर झाला म्हणून डॅडींच्या पुढ्यात वाकून हॉर्न दाबला होतास. सगळ्यांदेखत त्यांनी तुझ्या थोबाडीत मारली आणि वर त्या पोरीची माफी मागितली. "गोऱ्यांपुढे शेपूट घालणारा माणूस," असं तू म्हणालास. त्यानंतर तुम्ही दोघं जे बोललात ते मम्मीच्या मध्यस्थीने. मीसुद्धा मनातून तुझ्याच बाजूची होते.

तुझा निरोप आला त्या दिवशी डॅडींनी मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. डॅडींच्या थोरल्या भावाचा, आपल्या सीफस काकांचा डोळा, आपल्याला सांगत आले तसा झाडावरून पडून गेला नव्हता, टेरेल. तेव्हा आपल्या काळ्या लोकांना लॅम्कीजच्या छताखाली उभं राहू देत नसत. मागे उन्हात गाडी लावायची आणि मागच्या खिडकीतून मिळेल तेव्हा घ्यायचं. काका अठरा वर्षांचे, शेजारी डॅडी, बारा वर्षांचे. फार वेळ झाला म्हणून काकांनी हॉर्न वाजवला. पुढून तिघं गोरे आले. "कोणाला रे बोलावतोस?" एवढंच विचारलं आणि काकांना गाडीतून ओढून काढलं. डॅडी म्हणाले, "मी सीटखाली लपलो होतो. सीफस माझं नाव घेऊन ओरडत होता." कायदा बदलल्यावर दर वेळी पुढे, छताखालीच गाडी लावायची, एवढा सूड त्यांनी आयुष्यभर घेतला. पण हॉर्नवर हात गेला नाही. मम्मीसाठीही गेला नाही. "मी हात उचलला होता गं," म्हणाले, "तो खाली येईना."

आता ते रोज दुपारी जेवायच्या वेळी अंगणातल्या गाडीत जाऊन बसतात आणि हॉर्न वाजवतात. एकदाच. पहिल्या दिवशी समोरच्या मिस अर्लीन हातात पळी घेऊन धावत आल्या. "काय झालं हो? काय हवंय?" तर म्हणाले, "काही नाही. बघत होतो, वाजतो का." आता त्या येत नाहीत, दारात उभ्या राहून नुसता हात करतात. मी घरात डोळे पुसते आणि ताट वाढते.

हे पत्र लिहिलं ते येत्या रविवारसाठी. तुझा निरोप मी त्यांना जसाच्या तसा सांगितला. म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. पण मी येणार. तो बाहेर आला नाही तर फाटकाशी गाडीत बसेन." मग त्यांनी मला विचारलं, "फाटकापासून त्याच्या खोलीपर्यंत आवाज पोचतो का गं?" मला ठाऊक नाही, टेरेल. पोचला, तर तो हॉर्न तुला बोलावण्यासाठी आहे. तू बाहेर ये.

वाट पाहणारी, तुझीच
अर्नेटा