बाई मार्कंड्याला गेल्या

आरमोरी, १८ नोव्हेंबर २०२४

उर्वशी,

धानकापणीमुळे आज शिकवणीला मुलं कमी होती. तुझा इंग्रजीचा वर्ग आता मी घेतो. काळ शिकवताना तुझ्यावरचंच वाक्य फळ्यावर लिहिलं, 'बाई हॅज गॉन टू मार्कंडा.' म्हणजे बाई गेल्या आहेत, अजून परतायच्या आहेत, असं समजावलं.

दिव्यानी उठली. "सर, बाईच्या अस्थी नेल्या तवा मी बी होती. मार्चमंधी. महिना सांगता येते तवा 'वेन्ट' लिवायचं, बाईनंच शिकवलं."

"चूप ना वं," अजय पुटपुटला.

"तिचं बरोबर आहे," मी म्हणालो आणि वाक्य पुसून नव्यानं लिहिलं.

मुलं गेल्यावर भात टाकला. आज पहिल्यांदाच एकट्यापुरता.

तुझा,
प्रफुल