खरवडलेली राणी

३ ऑक्टोबर २०२२
पोचले बाई एकदाची दोह्याला. खोली झकास, एसी आहे. वर्ल्ड कपला शेखाकडे पाव्हणे येणार, म्हणून बंगल्यातला जुन्या मूर्तींचा हॉल चकाचक करायचा. सुपरवायझर बिलकिस रत्नागिरीची. म्हणाली, हात सांभाळून, काही फुटलं तर शेख तुलाच काचेत ठेवील. सिन्नरला भावाकडे फोन केला तर माझी लेक नुपूर रडली. तिला माझ्याशिवाय कोण आहे? आधी ओरडले, मग मीपण रडले.

५ ऑक्टोबर
हॉलमध्ये इजिप्तच्या राणीचा दगड आहे. बिलकिसने पाटी वाचून दाखवली. राजाची पट्टराणी, डोक्यावर गिधाडाचा मुकुट, स्वतःची शेतं, स्वतःचे पुजारी. नवरा मेला, पोर लहान, तर राज्य हिनेच हाकलं. मागून आलेल्या राजाने तिचं नाव सगळीकडून छिन्नीने खरवडलं. नाव गेलं की मेल्यावरही माणूस उरत नाही, असं त्यांच्यात मानायचे. त्या मेल्याचे हात कसे झडले नाहीत!

९ ऑक्टोबर
दगडाखाली रोज पांढरा भुगा पडतो, जणू अजून कोणी तिचं नाव खरवडतंय. आज पुसताना कानाशी बाई बोलली. नाव दे, एवढंच. आजूबाजूला कोणी नाही. घाबरले, पण त्याहून वाईट वाटलं. लग्नात नवऱ्याने तांदळात नयना लिहिलं, माहेरचं सगुणा खलास. आई गेल्यापासून त्या नावाने कोणी हाक मारत नाही. नुसतं पडून आहे. म्हटलं, घे बाई.

११ ऑक्टोबर
भुगा थांबला. भावाला फोन लावला. म्हणाला, सगुणाताई तर इथे ओट्यावर बसलीय, तुम्ही कोण? मला तुम्ही म्हणाला.
आईचा चेहरा आठवत नाही.

१४ ऑक्टोबर
पुन्हा भुगा. आता नयना मागते. शिव्या घातल्या. ते नाव नुपूरच्या आईचं आहे. नाही देणार —

१५ ऑक्टोबर
बिलकिसने विचारलं, बाई, तू कुणाकडची, आत कशी आलीस. गळ्यातलं कार्ड कोरं. माझ्या झग्यावर भुगा. मी दिलं नव्हतं. राणीने मागायचंच सोडलं, सरळ घेतलं —

१६ ऑक्टोबर
नुपूरला फोन लावलाय. म्हणते, आई आलीय, माझे केस विंचरतेय. हात तेवढे फार गार आहेत तिचे. हसतेय पोर. ओरडून सांगतेय, नुपे, ऊठ तिथून, ती आई नाही. विचारते, मग तुम्ही कोण? सांगते ना, मी — मी —