ती का परतली

चि. धाकटीस आशीर्वाद.

माहेरपणाला आलीस तेव्हा आपण तो प्रेमाचा सिनेमा पाहिला. शेवटी नायिका प्रियकराला सोडून नवऱ्याकडे परतते, दार लावून घेते. तू विचारलंस, "आई, ती का गं परतली?" भाजी निवडता निवडता मी म्हणाले, "शहाणी आहे म्हणून, तुझ्यासारखी." दुसऱ्याच दिवशी तू सासरी जायला बॅग भरलीस.

काल तो सिनेमा टीव्हीवर पुन्हा लागला होता. दार लावल्यावर तिचा चेहरा दाखवतच नाहीत गं. ती सुखी आहे, हे मीच धरून चालले होते. तुझे बाबा म्हणाले, "सिनेमाच तो, रडतेस काय?"

"निघून ये" एवढंच कळवायचंय. पण तुझा फोन जावई उचलतात आणि पत्र सासूबाई फोडतात. म्हणून हे पोथीत ठेवते. देवाने तरी वाचावं.

तुझी चुकलेली,
आई